इंटरनेट बंद पडले तरी व्यवसायाचा फोन वाजता राहावा यासाठी

कार्यालयातील फोन आता बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून चालतात, आणि त्यासोबत एक जुना भरवसा आपल्या नकळत संपला आहे. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज टेलिफोन केंद्रातील बॅटऱ्यांमधून त्याच तारेने येत असे. इमारतीत अंधार झाला तरी रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन ऐकू येई. इंटरनेटवरील फोनच्या मागे मात्र टेबलावरचे उपकरण, स्विच (सगळ्या फोनच्या केबल एकत्र जोडणारा डबा), राउटर, फायबरचा डबा, इंटरनेट कंपनीची जोडणी आणि दूर कुठेतरी असलेला फोन सेवेचा सर्व्हर अशी लांब साखळी असते, आणि तिच्यातील कोणतीही एक कडी निसटली की फोन गप्प होतो. ज्यांच्याकडे कार्यालयाच्या फोनची जबाबदारी नव्यानेच आली आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, ते येथे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक अनुभव सांगतो, कारण पुढचे बरेचसे त्यावरूनच कळेल. मी ज्या कार्यालयांचे फोन सांभाळतो, त्यांपैकी एका ठिकाणी मुख्य फायबर तुटला आणि राउटरने मिनिटाभरात दुसऱ्या जोडणीवर काम सुरू केले. संगणक चालू होते, ईमेल येत होते, बाहेर लावलेले फोनही लागत होते, त्यामुळे सगळे निश्चिंत होते. जवळपास पाऊण तासाने एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर एका ग्राहकाचा त्रासलेला फोन आला, की तुमचा क्रमांक सकाळपासून लागतच नाही. आम्ही टेबलांवरच्या फोनकडे पाहिले, तर प्रत्येकावर हिरवा दिवा होता. बाहेर जाणारा फोन लागला नाही तर लावणारा माणूस लगेच ओरडतो. येणारा फोन लागला नाही तर कार्यालयात केवळ शांतता असते, आणि ती शांतता कोणाला खटकत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: या क्षणी आपला क्रमांक फिरवणाऱ्या बाहेरच्या माणसाला काय ऐकू येत असेल?

पहिली पायरी: कॉलचा मार्ग कागदावर काढा

कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि बाहेरून आलेला कॉल आपल्या टेबलापर्यंत कसा पोहोचतो, हे रेषा आणि चौकोन काढून मांडावे. क्रमांक कोणत्या कंपनीकडे आहे, तिथून कॉल कोणत्या सर्व्हरवर जातो, इमारतीत कोणती तार येते, ती कोणत्या डब्यात शिरते, तो डबा कोणत्या सॉकेटवर चालतो, इतक्या बारकाईने लिहावे. प्रत्येक चौकोनाशेजारी तीन गोष्टी नोंदवाव्यात: हे बंद पडले तर आपल्याला कसे कळेल, फोन करणाऱ्याला काय ऐकू येईल, आणि त्याला पर्याय काय आहे.

हा कागद काढताना एक मोठा फरक स्पष्ट होतो. फोनची मुख्य यंत्रणा, म्हणजे ज्याला आपण सवयीने ईपीएबीएक्स म्हणतो ती, कार्यालयातच असेल, तर इंटरनेट गेल्यावरही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन लागतात. परंतु बाहेरचा माणूस फोन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत येऊन तिथेच अडकतो. यंत्रणा क्लाउडवर, म्हणजे सेवा देणाऱ्याच्या दूरच्या सर्व्हरवर असेल, तर शेजारच्या टेबलावरही फोन लागत नाही, पण बाहेरच्या माणसाला स्वागताचा संदेश ऐकू येतो, निरोप ठेवता येतो आणि कॉल दुसरीकडे वळवताही येतो. केवळ बिघाडाच्या दृष्टीने पाहिले, तर लहान व्यवसायासाठी मला दुसरी रचना अधिक सुरक्षित वाटते, कारण तिच्यात ग्राहकाची बाजू कार्यालयाच्या तारेवर अवलंबून राहत नाही. पहिली रचना वाईट आहे असे नाही, पण तिच्यात पुढील प्रत्येक पायरी अधिक काटेकोरपणे करावी लागते.

दुसरी पायरी: विजेची सोय

नेटवर्क बंद पडले असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा प्रत्यक्षात वीज गेलेली असते. टेबलावरील आयपी फोन बहुधा स्विचकडूनच नेटवर्कच्या केबलमधून वीज घेतात. २००३ मध्ये ठरलेल्या मानकाप्रमाणे स्विचचे एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देऊ शकते, आणि साधा फोन त्यातील थोडीच वापरतो. याचा फायदा असा, की स्विचला यूपीएस जोडला की प्रत्येक टेबलावर वेगळी सोय करावी लागत नाही. परंतु स्विच, राउटर आणि फायबरचा डबा हे तिन्ही यूपीएसवर असले पाहिजेत. फायबरचा डबा भिंतीवर कुठेतरी कोपऱ्यात लावलेला असतो, त्याचा अडॅप्टर जवळच्या साध्या सॉकेटमध्ये खुपसलेला असतो, आणि यूपीएस बसवताना नेमका तोच राहून जातो. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की नव्या जागी गेल्यावर सर्वांत आधी त्या अडॅप्टरची वायर हाताने धरून ती कुठपर्यंत जाते, ते बघतो.

यूपीएस किती वेळ चालेल, याचा हिशेब सोपा आहे. समजा १६ फोन प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे ८० वॅट. स्विचचे स्वतःचे २०, राउटरचे १० आणि फायबरच्या डब्याचे १० धरले, तर एकूण १२० वॅट झाले. लहान यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास असतात, म्हणजे हिशेबाने ४२ मिनिटे. परंतु वेगाने वीज काढल्यावर अशी बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही आणि रूपांतरातही काही वीज वाया जाते, त्यामुळे निम्मा वेळच हाती लागेल असे धरून चालावे. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी ३ ते ५ वर्षांत बरीच क्षीण होते, म्हणून बसवल्याची तारीख बॅटरीवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. वीज तासन्‌तास जात असेल, तर सगळे फोन चालू ठेवण्याचा आग्रह सोडून दोन-तीन महत्त्वाचे फोन तेवढे चालू राहतील अशी व्यवस्था करणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी पायरी: दुसरी जोडणी, आणि ती खरोखर दुसरी असल्याची खात्री

दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या म्हणजे काम झाले, असा समज असतो. दोन्ही कंपन्यांचे फायबर रस्त्याखालच्या एकाच नळीतून येत असतील, तर खोदकामाचा एकच घाव दोघांनाही तोडतो. काही कंपन्यांचे स्वतःचे जाळे नसतेच. त्या दुसऱ्याच्या जाळ्यावर आपल्या नावाने सेवा विकतात, आणि मग बिले दोन येतात, पण तार एकच असते. म्हणून जोडणी घेताना ती इमारतीत कोणत्या बाजूने येते आणि मूळ जाळे कोणाचे आहे, हे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारून उत्तर लेखी घ्यावे. सर्वांत चांगला पर्याय म्हणजे दुसरी जोडणी वेगळ्या माध्यमाची असणे: पहिली फायबरची असेल, तर दुसरी मोबाइल नेटवर्कची किंवा छतावरील वायरलेस जोडणी.

मोबाइल नेटवर्कची जोडणीही त्याच कंपनीची घेऊ नये. कॅनडात रॉजर्स या कंपनीचे जाळे ८ जुलै २०२२ रोजी कोसळले तेव्हा तिचे मोबाइल आणि घर-कार्यालयांचे इंटरनेट ही दोन्ही एकाच वेळी बंद पडली, कारण दोन्ही सेवा एकाच गाभ्यावर चालत होत्या आणि त्या गाभ्यातील राउटरच्या मांडणीत केलेला एक बदल चुकला होता. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांना त्याचा फटका बसला, अनेकांना आणीबाणीचा ९११ हा क्रमांकही लागला नाही, आणि कंपनीचे कर्मचारी स्वतःच त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे त्यांना एकमेकांशी संपर्क साधणे कठीण झाले. ज्या व्यवसायांनी फायबरला पर्याय म्हणून त्याच कंपनीचे सिम ठेवले होते, त्यांचा पर्याय त्या दिवशी मुख्य जोडणीबरोबरच गेला.

राखीव सिमबाबत एक साधी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: त्याचा रिचार्ज संपलेला असतो. ते कधी वापरले जात नाही, म्हणून कोणी बघत नाही, आणि गरज पडते त्या दिवशी ते बंद झालेले आढळते. रिचार्जच्या तारखेची आठवण कार्यालयाच्या कॅलेंडरमध्ये दोन माणसांच्या नावे लावावी, आणि महिन्यातून एकदा त्या सिमवरून थोडा तरी डेटा वापरावा.

दुसरी जोडणी किती वेगवान हवी, याची चिंता मात्र फारशी करू नये. आवाज इंटरनेटवरून पाठवण्याच्या प्रचलित जी.७११ पद्धतीने बोलताना एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात आणि जी.७२९ पद्धतीने ३१ किलोबिट, म्हणजे एकाच वेळी दहा जण बोलत असले, तरी एक मेगाबिटच्या आत काम भागते. त्रास होतो तो आवाजाचे तुकडे उशिरा पोहोचल्यामुळे किंवा वाटेत हरवल्यामुळे. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू लागला, की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून राखीव जोडणी चालू असताना संगणकांचे बॅकअप, मोठी अद्यतने आणि व्हिडिओ थांबतील आणि फोनच्या आवाजाला पहिली वाट मिळेल, असा नियम राउटरमध्ये आधीच लिहून ठेवावा.

चौथी पायरी: बिघाड झाल्याचे राउटरला कळले पाहिजे

दोन जोडण्या घेणारा राउटर आपोआप दुसरीकडे वळतो, असे त्याच्या खोक्यावर लिहिलेले असते, परंतु तो कशाला बिघाड मानतो, ते तपासावे लागते. पुष्कळ राउटर मुळात एवढेच बघतात, की त्यांच्या पोर्टला लावलेली केबल जिवंत आहे की नाही. फायबर दोन किलोमीटरवर तुटला, तरी भिंतीवरच्या डब्यापर्यंतची केबल जिवंतच असते, आणि राउटर सगळे ठीक असल्याचे समजून मृत जोडणीवरच बसून राहतो. म्हणून राउटरला बाहेरचे दोन निरनिराळे पत्ते ठरावीक अंतराने तपासायला सांगावे; दर ५ सेकंदांनी तपासणी आणि सलग तीन वेळा दोन्हीकडून उत्तर नाही, तर वळावे, असे ठेवले, तर साधारण १५ सेकंदांत बदल होतो. एकच पत्ता तपासायला दिला आणि नेमका तोच सर्व्हर बंद असला, तर चांगली जोडणी सोडून राउटर विनाकारण वळेल.

परत मूळ जोडणीवर येताना घाई करू नये. जोडणी लागते आणि पुन्हा तुटते, असे अर्धा तास चालू राहू शकते, आणि प्रत्येक वेळी राउटर इकडून तिकडे गेला, तर चालू असलेले सगळे कॉल तुटतात, कारण बाहेरच्या जगाला दिसणारा आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील ओळख-क्रमांक, बदलतो. मूळ जोडणी सलग दहा मिनिटे स्थिर राहिल्याशिवाय परतू नये, असे ठेवावे. चालू संभाषणही तुटू नये इतकी गरज असेल, तर दोन्ही जोडण्यांवरून एका मध्यवर्ती ठिकाणापर्यंत बोगदा बांधणारी एसडी-वॅन पद्धतीची उपकरणे मिळतात. त्यांत बाहेरचा पत्ता बदलत नाही. लहान कार्यालयाला बहुधा इतक्या खर्चाची गरज नसते, कारण तुटलेला कॉल माणूस पुन्हा लावतो. त्या वेळी तो लागला पाहिजे, एवढेच महत्त्वाचे असते.

पाचवी पायरी: फोनची नोंदणी

आता मूळ अनुभवाकडे येतो, कारण हिरव्या दिव्यामागचे कारण इथे आहे. इंटरनेटवरील फोन सिप नावाच्या पद्धतीने, जिचे आजचे मुख्य मानक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आपल्या सर्व्हरला सांगतो, की मी अमुक पत्त्यावर आहे, माझ्यासाठी कॉल आला तर इथे पाठवा. याला नोंदणी म्हणतात, आणि ती ठरावीक काळापुरतीच असते; पुष्कळ ठिकाणी हा काळ ३६०० सेकंद, म्हणजे एक तास ठेवलेला असतो. राउटर दुसऱ्या जोडणीवर वळला, की आपला बाहेरचा पत्ता बदलतो, परंतु फोनला हे कळण्याचे कारणच नसते. त्याची स्विचकडे जाणारी केबल तशीच जोडलेली असते. बाहेर कॉल करताना तो नव्या वाटेने नीट जातो. येणारा कॉल मात्र सर्व्हर जुन्या पत्त्यावर पाठवत राहतो, आणि तिथे आता कोणीच नसते. फोन पुन्हा नोंदणी करीपर्यंत हे असेच चालते, आणि तोपर्यंत त्याच्यावरचा दिवा हिरवाच असतो.

यावर उपाय म्हणजे नोंदणीचा काळ कमी करणे. १२० ते ३०० सेकंदांच्या दरम्यान ठेवला, तर वाईटात वाईट पाच मिनिटांत येणारे कॉल पुन्हा सुरू होतात. फारच कमी करू नये. काही सर्व्हर अशी विनंती ४२३ हा संकेत देऊन नाकारतात, आणि फोन पुष्कळ असतील, तर सर्व्हरवर निष्कारण भार पडतो. शक्य असेल तिथे सिपचे संदेश पाठवण्यासाठी यूडीपी या पद्धतीऐवजी टीसीपी किंवा टीएलएस ही पद्धत वापरावी, कारण त्यात जोडणी तुटल्याचे फोनच्या अधिक लवकर ध्यानात येते.

याहून चिवट एक दोष आहे, आणि तो ओळखता न आल्याने माणसे दिवसभर फोन कंपनीला दोष देत बसतात. राउटर प्रत्येक चालू संपर्काची एक नोंद ठेवतो, की अमुक फोन अमुक सर्व्हरशी अमुक जोडणीवरून बोलत आहे. काही राउटर दुसऱ्या जोडणीवर वळताना यूडीपीच्या जुन्या नोंदी पुसत नाहीत. इकडे फोन आपली वाट उघडी राहावी म्हणून दर ३० सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत असतो. त्या प्रत्येक संदेशाने जुनी नोंद ताजी होते आणि फोन मृत जोडणीकडेच बोलत राहतो. संगणकांचे इंटरनेट व्यवस्थित, आणि फोन मात्र ना आत ना बाहेर, असे दिसले, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. राउटरमध्ये वळताना जुने संपर्क पुसण्याची सेटिंग असते, ती चालू करावी. नसेल, तर अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करावा. त्याच बैठकीत राउटरमधील सिप एएलजी नावाची सोय बंद करावी. नावावरून ती मदतीची वाटते, परंतु फोनच्या संदेशांतील पत्ते परस्पर बदलून ती बहुधा गोंधळच घालते, विशेषतः एका बाजूचा आवाज नाहीसा होण्याचा.

मुख्य यंत्रणा कार्यालयात असून फोन कंपनीशी सिप ट्रंकने, म्हणजे अनेक कॉल एकत्र नेणाऱ्या इंटरनेटवरील जोडणीने, जोडलेली असेल, तर आणखी एक गोष्ट विचारावी. काही ट्रंक नाव आणि पासवर्डावर चालतात, तर काही केवळ आयपी पत्त्याच्या ओळखीवर. दुसऱ्या प्रकारात राखीव जोडणीचा पत्ता फोन कंपनीच्या यादीत नसेल, तर ती आपले कॉल परके म्हणून नाकारते. मोबाइल नेटवर्कवर तर आपल्याला स्वतःचा कायम पत्ता बहुधा मिळतच नाही. हजारो ग्राहक मिळून एकच पत्ता वापरतात. अशा वेळी ट्रंक नोंदणीच्या पद्धतीवर बदलून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

सहावी पायरी: क्रमांक कार्यालयाबाहेरच वळवणे

वरचे सगळे करूनही एखाद्या दिवशी दोन्ही जोडण्या जातील, इमारतीत पाणी शिरेल किंवा कार्यालयात कोणी येऊच शकणार नाही. त्या दिवसासाठी कॉल वळवण्याची व्यवस्था फोन कंपनीच्या सर्व्हरवर असली पाहिजे. कार्यालयातील यंत्रणेत फॉरवर्डिंग लावून ठेवले आणि ती यंत्रणाच गाठता येत नसेल, तर वळवणारे कोणी उरत नाही. कंपनीच्या पोर्टलवर प्रत्येक क्रमांकासाठी, संपर्क न झाल्यास कॉल कुठे पाठवावा, असा एक रकाना बहुधा असतो. पुष्कळ ठिकाणी तो रिकामा सोडलेला असतो. या लेखातील एकच गोष्ट आज करायची असेल, तर तो रकाना भरावा. त्याला पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात, आणि उपयोग सर्वांत मोठा आहे. वळवलेल्या कॉलवर जाणाऱ्या कॉलप्रमाणे आकार लागू शकतो, एवढे आधी विचारून घ्यावे.

तिथे एकाच माणसाचा मोबाइल देऊ नये. एक मोबाइल एका वेळी एकाशीच बोलतो. बाकीच्यांना व्यस्त असल्याचे ऐकू येते. तीन-चार मोबाइल एकदम किंवा एकामागून एक वाजतील, असा गट करावा. इथे एक खाचखळगा आहे: त्यांपैकी एखादा मोबाइल बंद असला आणि त्याच्यावर व्हॉइसमेल चालू असला, तर तो व्हॉइसमेल कॉल उचलतो, यंत्रणा कॉल उचलला गेला असे समजते, आणि ग्राहक आपली तक्रार कोणाच्या तरी खासगी पेटीत बोलून बसतो. म्हणून उचलणाऱ्याने १ दाबल्याशिवाय कॉल जोडला जाणार नाही, ही सोय उपलब्ध असेल, तर अवश्य चालू करावी. त्याने आणखी एक फायदा होतो, की हा कॉल कामाचा आहे हे उचलणाऱ्याला आधीच कळते आणि तो व्यवसायाच्या नावाने बोलतो.

व्यवसायाचा क्रमांक मोबाइलचाच असेल, तर जीएसएम मानकातील संकेत उपयोगी पडतात. फोन रेंजबाहेर किंवा बंद असताना कॉल वळवण्यासाठी **६२* नंतर दुसरा क्रमांक आणि शेवटी # दाबून कॉलचे बटण दाबावे. उत्तर न दिल्यास वळवण्यासाठी **६१*, फोन व्यस्त असताना वळवण्यासाठी **६७*, आणि सरसकट सगळे कॉल वळवण्यासाठी **२१*. सगळी वळणे एकदम काढण्यासाठी ##००२# आहे. ही मांडणी मोबाइल नेटवर्कमध्ये साठवली जाते, म्हणून फोन बंद असतानाही काम करते. हेच संकेत फसवणुकीसाठीही वापरले जातात. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला असा कोणताही संकेत दाबू नये, हे कार्यालयातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर फोन सेवेचे ॲप बसवून ठेवणे हा आणखी एक चांगला मार्ग आहे, कारण त्यातून बाहेर केलेल्या कॉलवर व्यवसायाचाच क्रमांक दिसतो. फक्त एवढे शिकवावे, की इंटरनेट गेल्यावर मोबाइलचे वायफाय बंद करायचे. कार्यालयाच्या वायफायला चिकटून बसलेला मोबाइल कधी कधी मृत इंटरनेटच धरून ठेवतो आणि स्वतःचा डेटा वापरत नाही.

सातवी पायरी: फोन कंपनीचाच सर्व्हर बंद पडला तर

आपल्याकडे सगळे ठीक असताना सेवा देणाऱ्याचाच सर्व्हर कोसळू शकतो. चांगल्या कंपन्या दोन किंवा अधिक ठिकाणी सर्व्हर ठेवतात आणि डीएनएसमधील, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटवरील यादीतील, एसआरव्ही नोंदींतून त्यांचा क्रम जाहीर करतात, म्हणजे पहिला मिळाला नाही तर फोन दुसऱ्याकडे जातो. याचा लाभ घ्यायचा, तर फोनमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता न लिहिता कंपनीने दिलेले नाव लिहावे आणि एसआरव्ही शोधण्याची सेटिंग चालू ठेवावी. आणखी एक बारकावा असा, की यूडीपीवर सिपच्या मूळ नियमानुसार कॉलची विनंती अनुत्तरित राहिली, तर फोन ती ३२ सेकंदांनंतर सोडून देतो. रिसीव्हर कानाला लावून ३२ सेकंद कोणी थांबत नाही. माणूस ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तीच शांतता. म्हणून सर्व्हर जिवंत आहे का, हे यंत्रणेने कॉल नसतानाही ठरावीक अंतराने विचारत राहावे, अशी सेटिंग ठेवावी, म्हणजे कॉलच्या वेळी मृत सर्व्हरवर वेळ जात नाही.

फॅक्स, लिफ्टमधील मदतीचा फोन आणि धोक्याची घंटा यांच्या लाइनी इंटरनेटवर नेण्यापूर्वी त्या बसवणाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलावे. आणीबाणीच्या क्रमांकासाठी तर एक चार्ज केलेला मोबाइल, वेगळ्या कंपनीच्या सिमसह, सर्वांना माहीत असलेल्या ठरावीक जागी ठेवावा. इंटरनेटवरील फोनवरून आणीबाणीचा क्रमांक लावला, तर मदत यंत्रणेला नोंदवलेला पत्ता दिसू शकतो, आणि घरी नेलेला फोन किंवा ॲप त्या पत्त्यावर नसते. इथे काटकसर करू नये.

आठवी पायरी: लागणारी माहिती कागदावर

इंटरनेट गेल्यावर इंटरनेट कंपनीचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधता येत नाही. दोन्ही जोडण्यांचे ग्राहक क्रमांक, मदत क्रमांक, पोर्टलचे नाव, कॉल कसे वळवायचे याच्या पायऱ्या आणि हे करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे एका पानावर छापून राउटरशेजारी लावावे आणि एक प्रत घरी ठेवावी. पासवर्ड मात्र भिंतीवर लावू नये. ते दोन जबाबदार माणसांकडे असावेत. पोर्टलवर शिरताना येणारा ओटीपी कुठे जातो, हे नक्की बघावे. तो कार्यालयाच्याच फोन क्रमांकावर किंवा कार्यालयातील सर्व्हरवर चालणाऱ्या ईमेलवर येत असेल, तर ज्या दिवशी पोर्टल सर्वांत जास्त हवे, त्याच दिवशी त्याचे दार बंद असेल.

नववी पायरी: केबल काढून बघणे

न तपासलेली राखीव व्यवस्था आहे असे धरूच नये. तीन महिन्यांतून एकदा, कामाची गर्दी नसताना आणि सर्वांना आधी सांगून, मुख्य जोडणीची केबल हाताने काढावी. फायबरच्या डब्याची बाहेरून येणारी तार काढू नये. ती नाजूक असते. डबा आणि राउटर यांच्यामधली केबल काढावी. डबा बाहेरून जिवंत आणि इंटरनेट मात्र मृत, ही अवस्था तपासायची असेल, तर राउटर ज्या पत्त्यांची चौकशी करतो, ते थोडा वेळ अडवून ठेवावे.

केबल काढताच घड्याळ लावावे आणि कार्यालयाच्या जाळ्यावर नसलेल्या मोबाइलवरून व्यवसायाचा क्रमांक फिरवावा, दर मिनिटाला एकदा. पहिला कॉल कितव्या मिनिटाला वाजला, कुठे वाजला, त्याआधी काय ऐकू येत होते, आणि आवाज दोन्ही बाजूंना नीट जात होता का, हे तारखेसह वहीत लिहावे. त्यानंतर राखीव जोडणीही काढावी आणि कॉल ठरवलेल्या मोबाइलवर जातो का, ते बघावे. मग यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून तो खरोखर किती मिनिटे टिकतो, ते मोजावे. पहिल्या तपासणीत काही ना काही चुकलेले सापडतेच. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते गटातल्या एखाद्या मोबाइलचा बदललेला क्रमांक किंवा सोडून गेलेल्या माणसाचे नाव असते.

सगळे परत जोडल्यावर बाहेरून आणखी एक फोन करावा आणि तो पुन्हा टेबलावरच वाजतो, याची खात्री करावी. बिघाडाच्या गडबडीत हाताने लावलेले वळण काढायचे राहून जाते, आणि कार्यालयातले फोन दुरुस्त झाल्यानंतरही ग्राहकांचे कॉल एखाद्या कर्मचाऱ्याच्या खिशात, रात्री दहा वाजतासुद्धा, वाजत राहतात.